मनगटाला त्रास न देणारे, उभ्या बैठकीचे हँडल कसे निवडावे?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. माझे वय 54 असून मी एका बँकेत नोकरी करते. गेली तीन वर्षे मी आठवड्यातून चार दिवस सकाळी गंगापूर धरणाच्या दिशेने जाऊन-येऊन साधारण 20 किलोमीटर सायकल चालवते, आणि जमेल तेव्हा रविवारी त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन येते. सायकल हायब्रिड प्रकारची, 21 गिअरची आहे; हँडल सरळ दांडीसारखे आहे आणि ब्रेक व्ही-ब्रेक प्रकारचे आहेत.

माझी अडचण अशी आहे की अर्धा तास झाला की दोन्ही हातांच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येऊ लागतात, आणि घरी पोहोचेपर्यंत उजव्या हाताची पकड इतकी सैल झालेली असते की कुलपात किल्ली फिरवणेही जड जाते. मानेवर आणि खांद्यांवरही ताण येत असे. ज्या दुकानातून सायकल घेतली त्यांनी हँडल उंच करण्याचा सल्ला दिला आणि कोन बदलता येणारा स्टेम, म्हणजे हँडलला सायकलीशी जोडणारा तुकडा, बसवून दिला. त्यामुळे हँडल सुमारे सहा सेंटिमीटर वर आले, मानेचा त्रास बराच कमी झाला, पण बोटांच्या मुंग्या होत्या तशाच राहिल्या. आता त्याच दुकानात मला याहूनही उंच स्टेम घ्या असे सांगितले जात आहे.

माझ्या वडिलांकडे चोवीस इंची काळी सायकल होती, रॉड ब्रेकची. तिचे हँडल पुढून वळून मागे, चालवणाऱ्याच्या बाजूला येत असे. त्या सायकलीवरून त्यांनी तीस वर्षे नोकरी केली आणि हात दुखल्याची तक्रार त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकली नाही. तसे हँडल माझ्या सायकलीला बसेल का, त्यासाठी ब्रेक आणि गिअरही बदलावे लागतील का, आणि त्र्यंबक रस्त्याचा चढ त्या बैठकीत जमेल का, याविषयी जाणकारांनी सांगावे. हँडलच्या मध्यभागी 25.4 असा आकडा कोरलेला आहे. आणखी एक गोष्ट कदाचित उपयोगी पडेल म्हणून सांगते : बसायला बरे वाटते म्हणून सीटचे टोक मी थोडे खाली झुकवून घेतले आहे.

मनगट (पुणे)

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतःही सायकल चालवतो. आपण दिलेले वर्णन इतके नेमके आहे की त्यातच बरेचसे उत्तर आले आहे. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू यांची संवेदना अल्नर नावाच्या नसेकडे असते. ही नस तळहाताच्या टाचेत, करंगळीच्या बाजूला असलेल्या अरुंद वाटेतून बोटांकडे जाते. सरळ हँडलवर हात ठेवला की शरीराचा भार नेमका त्या जागी येतो, आणि मनगट मागे मोडलेले असेल तर दाब आणखी वाढतो. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असते तर मी दुसऱ्या नसेचा विचार केला असता. आपल्या बाबतीत मात्र दाब कुठे पडतो आहे हे स्पष्ट दिसते.

आता एक छोटा प्रयोग करून पाहावा. उभे राहून दोन्ही हात बाजूला सैल सोडावेत, दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल धरावी आणि खांदे न उचलता कोपरापासून हात पुढे आणावेत. पेन्सिली एका सरळ रेषेत, आडव्या राहत नाहीत. त्यांची आतली टोके पुढे आणि बाहेरची टोके मागे, आपल्या बाजूला झुकलेली दिसतील. मनगटाची सैल अवस्था ती. सरळ दांडीचे हँडल मुठीला या अवस्थेतून ओढून आडवे करते, आणि आपण ते पंधरा सेंटिमीटर उंच केले तरी मुठीचा कोन तोच राहतो. स्टेम उंच केल्यावर मान सुटली पण बोटे सुटली नाहीत, त्याचे कारण मला हेच वाटते. आपल्याला उंचीइतकाच, किंबहुना उंचीहून अधिक, हँडलचा मागे वळण्याचा कोन हवा आहे.

मात्र हँडल विकत घेण्याआधी सीटचे टोक समपातळीत आणावे. टोक खाली झुकलेले असले की शरीर सतत पुढे घसरत राहते आणि ते थोपवण्याचे काम हातांना करावे लागते. आपण तीन वर्षे प्रत्येक फेरीत तळहातांनी स्वतःला मागे ढकलत आहात. समपातळीत बसायला टोचत असेल तर दोष सीटच्या आकारात आहे आणि सीट बदलणे हाच उपाय आहे. सायकलीवरून उतरल्यावर तासाभरातही बधिरपणा जात नसेल, किंवा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कागद धरून ठेवता येत नसेल, तर मात्र हँडलची चर्चा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना हात दाखवावा.

पाना-पकड (सांगली)

माझे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे आणि गेल्या काही वर्षांत अशी पंधरा-वीस हँडले मी बदलून दिली आहेत, म्हणून वस्तूच्या बाजूने लिहितो.

वडिलांच्या सायकलीचे हँडल आपल्या सायकलीला बसणार नाही. रॉड ब्रेकच्या सायकलीत हँडल आणि त्याचा खाली जाणारा दांडा बहुधा एकाच तुकड्यात जोडलेला असतो, आणि हायब्रिडमध्ये हँडल स्टेमच्या तोंडात वेगळे आवळलेले असते. म्हणून जुन्या बाजारातून तसे हँडल उचलून आणू नये. पण त्याच आकाराचे सुटे हँडल मिळते. त्या आकाराला नॉर्थ रोड म्हणतात. 1885 मध्ये स्थापन झालेल्या इंग्लंडमधील नॉर्थ रोड सायकलिंग क्लबवरून हे नाव पडले असे मानले जाते. इंग्रजी रोडस्टरबरोबर, म्हणजे आपल्या वडिलांकडे होती तशा सायकलीबरोबर, तो आकार आपल्याकडे आला आणि दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सर्वांच्या हातात रुळला.

आपले नशीब असे की सरळ हँडलच्या सायकलीला हा बदल सर्वांत सोपा जातो. हँडलला दोन जाड्या असतात. मध्यभागी, स्टेम जिथे पकडतो तिथली जाडी आपल्याकडे 25.4 मिलिमीटर आहे, आणि नॉर्थ रोड प्रकारची बहुतेक हँडले याच जाडीची येतात. नव्या सायकलींच्या स्टेमचे तोंड बहुधा 31.8 असते, त्यांना मध्ये पत्र्याचे पातळ कडे, म्हणजे शिम, घालावे लागते. दुसरी जाडी मुठीकडची. ती सरळ हँडलला 22.2 असते आणि नॉर्थ रोडलाही 22.2 असते, त्यामुळे आपले ब्रेकचे दांडे (लिव्हर), गिअरचे खटके आणि ग्रिप तिघेही जसेच्या तसे चालतात. रेसिंगच्या, खाली वळलेल्या हँडलची ही जाडी 23.8 असते, म्हणून ती सायकल असती तर सर्व दांडे बदलण्याचा खर्च आला असता. व्ही-ब्रेकला वायर जास्त खेचणारे दांडे लागतात. जुन्या बाजाराचे स्वस्त दांडे कोणी सुचवले तर घेऊ नयेत, कारण ते बहुधा कमी खेचणाऱ्या ब्रेकचे असतात आणि त्यांच्यावर व्ही-ब्रेक वेळेत लागत नाही.

हँडल घेताना मोजायची खरी गोष्ट म्हणजे मुठीकडच्या सरळ भागाची लांबी. ग्रिप साधारण 12 ते 13 सेंटिमीटर, त्यापुढे ब्रेक आणि गिअरचा जोड 6 ते 7 सेंटिमीटर, म्हणजे वळण सुरू होण्याआधी किमान 19-20 सेंटिमीटर सरळ नळी हवी. काही देखण्या हँडलांत हा भाग जेमतेम 15 सेंटिमीटर असतो. मग ग्रिप कापावी लागते किंवा ब्रेकचा दांडा वळणावर चढून बोटांपासून दूर जातो. दुकानात टेप घेऊनच जावे. ज्यांच्या ब्रेकच्या कड्याला एकच स्क्रू असतो आणि ते उघडत नाही, त्यांना ते संपूर्ण वळणावरून सरकवत न्यावे लागते, आणि वळण फार आवळ असेल तर कडे मध्येच अडकते. हेही आपल्या सायकलीवर आधी पाहून घ्यावे.

जुन्या ग्रिप काढण्यासाठी त्या कापण्याची गरज नाही. चाकाचा एक जुना आरा (स्पोक) घेऊन त्याचे टोक कानशीने गोल करावे, ग्रिपखाली हलकेच सरकवावे, त्या फटीतून सर्जिकल स्पिरिटचे चार थेंब सोडावेत आणि आरा नळीभोवती एकदा फिरवावा. ग्रिप मुठीत धरून पिळली की साबणाच्या वडीसारखी सुटून येते. बसवतानाही तेच स्पिरिट वापरावे; ते उडून जाते आणि रबर नळीला घट्ट धरते. येथे तेल किंवा ग्रीस कधीही वापरू नये, कारण उतारावर ग्रिप हातात फिरली तर मोठा अपघात होतो.

वायरींकडे मात्र लक्ष द्यावे लागेल. ब्रेकचे दांडे मागे येतात, त्यांच्या वायरी आधी पुढे निघतात आणि मग वळून फ्रेमकडे जातात. म्हणून बहुतेक वेळा आतली वायर आणि बाहेरचे कव्हर दोन्ही लांब घ्यावे लागतात. ब्रेकचे कव्हर आणि गिअरचे कव्हर एकच नसते. ब्रेकच्या कव्हरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, तर गिअरच्या कव्हरमध्ये बारीक तारा लांबीत सरळ टाकलेल्या असतात, आणि ब्रेक जोरात दाबल्यावर हे दुसरे कव्हर फाटू शकते. दुकानदाराने हाताशी असलेला तुकडा लावला तर तो कापलेल्या टोकाकडे पाहून ओळखावा आणि निःसंकोचपणे बदलून मागावा.

उत्रेख्त

मी मूळची जळगावची, आता बारा वर्षे नेदरलँड्समध्ये राहते आणि इथली ‘ओमाफीत्स’, म्हणजे शब्दशः ‘आजीची सायकल’, रोज चालवते. तिचे हँडल जवळजवळ मांडीपर्यंत मागे येते आणि पाठ खुर्चीवर बसल्यासारखी ताठ राहते. तरीही ताईंनी थेट तितक्या उभ्या बैठकीला जाऊ नये असे मला मनापासून वाटते, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण फ्रेमचे आहे. या सायकलींत केवळ हँडल वेगळे नसते. सीट ज्या नळीवर असते ती नळी हायब्रिडपेक्षा बरीच मागे कललेली असते, त्यामुळे पाय थोडे पुढे पडतात आणि ताठ बसूनही पेडलवर जोर देता येतो. हायब्रिडची ती नळी अधिक उभी असते. तिच्यावर फक्त हँडल मागे आणले तर पाठ ताठ होते, पण पाय खालीच राहतात, आणि चढावर मांडीचा जोर लागत नसल्याचे लगेच जाणवते.

दुसरे कारण रस्त्याचे. इथले सायकलमार्ग सपाट, गुळगुळीत डांबराचे आहेत. दिवाळीत जळगावला आले की भावाची सायकल चालवते, आणि प्रत्येक गतिरोधक कमरेपासून मानेपर्यंत जाणवतो. अंग थोडे पुढे वाकलेले असले की धक्का हात, पाय आणि सीट यांत वाटला जातो. पूर्ण ताठ बसले की तो सगळा पाठीच्या कण्यावर येतो. ज्यांना हातांचा त्रास होता त्यांनी तो कमरेला देऊ नये. मनगटाचा कोन सुटावा इतके मागे वळलेले, पण पाठ थोडी पुढे झुकलेली राहील असे हँडल शोधावे. वाऱ्याचा विचारही त्यातच येतो : वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि समुद्राकडून वारा सुटला की इथल्या आज्यादेखील कोपर वाकवून खाली झुकतात.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. पेन्सिलीचा प्रयोग काल रात्री आम्ही घरातल्या चौघांनी करून पाहिला. माझ्या पेन्सिली तर पार मागे वळल्या. कागद चिमटीत धरता येतो आणि मुंग्या दहा-पंधरा मिनिटांत जातात, त्यामुळे त्या बाजूने तूर्त काळजी नाही. आज सकाळी सीट समपातळीत करून 12 किलोमीटर गेले. मुंग्या आल्या, पण नेहमीपेक्षा उशिरा.

उत्रेख्तच्या ताईंचे म्हणणे पटले, पण आता एक पेच पडला आहे. हँडल किती मागे यावे हे विकत घेण्याआधी कसे ठरवायचे? आणि जे हँडल मागे येते त्यामुळे मी सायकलीत फार आखडून बसणार नाही ना?

पाना-पकड (सांगली)

उत्रेख्तच्या ताईंनी मांडलेला धोका खरा आहे, आणि माझ्याकडून तो लिहायचा राहिला याची मला खंत वाटते. नॉर्थ रोडच्या मुठी सरळ हँडलपेक्षा पुष्कळ मागे येतात. जुन्याच स्टेमवर ते बसवले तर गुडघे वळणावर हँडलला लागतात आणि सायकल हातात वळवळते. म्हणूनच मागे वळलेल्या हँडलला स्टेम पुढे लांब हवा. इथे आपल्या दुकानदाराने बसवलेला कोन बदलणारा स्टेम कामाला येईल, फक्त तो उलट्या रीतीने वापरावा लागेल. हा स्टेम वर उचलला की आखूड होतो आणि खाली झुकवला की पुढे लांबतो. नव्या हँडलला स्वतःचीच पाच-सात सेंटिमीटर उंची असते, त्यामुळे स्टेम खाली झुकवूनही मुठी खूप खाली जाणार नाहीत. कोन बसला की त्याचा स्क्रू पुन्हा पक्का आवळावा, आणि पहिल्या आठवड्यात दोनदा तपासावा.

मोजण्याची रीत सांगतो. सायकल भिंतीला टेकवून उभी करावी, घरातल्या कोणीतरी ती धरावी. आपण सीटवर नेहमीसारखे बसून पाठ जितकी झुकलेली सोयीची वाटते तितकी झुकवावी, डोळे मिटावेत आणि हात हवेत, कोपर किंचित वाकवून, जिथे आपोआप थांबतील तिथे थांबवावेत. दुसऱ्याने सीटच्या टोकापासून मुठीपर्यंतचे अंतर आणि जमिनीपासून मुठीची उंची टेपने मोजावी. असे तीनदा करावे. पहिल्यांदा आपण नकळत जुन्या हँडलच्या जागीच हात नेतो, तिसऱ्यांदा खरी जागा सापडते. ते आकडे घेऊन दुकानात जावे.

कोनाविषयी माझा कल स्पष्ट आहे. साध्या सरळ हँडलचा मागे वळण्याचा कोन 5 ते 9 अंश असतो. आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या फ्रेमवर 30 ते 45 अंशांचे हँडल सर्वांत चांगले बसते असे मला गिऱ्हाइकांकडे पाहून वाटत आले आहे. नॉर्थ रोडच्या मुठी याहून बऱ्याच अधिक वळलेल्या असतात. रोजच्या बाजारहाटाला त्या उत्तम, पण त्र्यंबकला जायचे असेल तर मधला पर्याय घ्यावा. हँडल बसवल्यावर मुठीची मागची टोके किंचित खाली, दहा अंशांच्या आसपास झुकलेली ठेवावीत. स्टेमचे बोल्ट थोडे सैल करून हँडल हाताने एवढेसे फिरवावे आणि फेरी मारून यावे. दोन मिलिमीटरच्या फरकाने मनगट मोडते किंवा सुटते.

सप्तशृंग (कळवण)

चढाबद्दल कोणी सविस्तर लिहिलेले नाही म्हणून थोडे लिहितो. मी अशाच 40 अंशांच्या आसपास वळलेल्या हँडलवर वणीचा घाट चढतो. उभे राहून पेडल मारणे सरळ हँडलइतके सहज होत नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु 21 गिअरच्या सायकलीला पुढे तीन चक्रे असतात, आणि सर्वांत लहान चक्रावर बसून, एक लय धरून चढले तर उभे राहण्याची वेळच येत नाही. त्र्यंबक रस्त्याला तेवढे पुरेसे आहे. जिथे हँडल वळते त्या बाकापर्यंत कापडी टेप गुंडाळून घ्यावी. समोरून वारा आला की हात तिथे पुढे नेऊन खाली झुकता येते, आणि हातांची जागा बदलत राहिल्याने नसेवरचा दाबही एका ठिकाणी साचत नाही.

गोदाकाठ (नाशिक)

पाच आठवड्यांनी लिहीत आहे, कारण पुरेसे चालवून पाहिल्याशिवाय लिहू नये असे वाटले. सुमारे 40 अंश वळलेले अ‍ॅल्युमिनियमचे हँडल मिळाले. सरळ भाग टेपने मोजला, 20 सेंटिमीटर भरला. ग्रिप आऱ्याने आणि स्पिरिटने मुलाने काढल्या. एकही फाटली नाही. पुढच्या ब्रेकची वायर आणि कव्हर नवे घ्यावे लागले, आणि दुकानात खरोखरच गिअरच्या कव्हरचा तुकडा पुढे करण्यात आला. मी कापलेले टोक दाखवून तो परत दिला, आणि त्या मुलानेही लगेच मान्य करून बदलून दिला.

पहिले चार दिवस सायकल अनोळखी वाटली. वळताना हात बाजूला न जाता पुढे-मागे जातात, त्याची सवय व्हावी लागते. पाचव्या दिवशी धरणाच्या भिंतीपाशी थांबले तेव्हा लक्षात आले की बोटांचा विचारच डोक्यात आला नव्हता. मुठीची टोके मी आधी फार खाली झुकवली होती, त्यामुळे हात मागे सरकत. दोन वेळा थोडे थोडे वर घेतल्यावर जागा सापडली. मागच्या रविवारी त्र्यंबकला गेले. परतीच्या वाटेवर, शेवटच्या आठ-दहा किलोमीटरमध्ये, उजव्या करंगळीत अगदी पुसट मुंग्या आल्या आणि हात वाकाच्या टेपवर पुढे नेल्यावर गेल्या. घरी कुलूप पहिल्याच झटक्यात उघडले.

कंबर मात्र थोडी जाणवते, विशेषतः सातपूरच्या बाजूला रस्ता उखडलेला आहे तिथे. त्यासाठी स्टेम अजून एक खाच खाली घेऊन पाहणार आहे. हँडल पूर्ण उजवीकडे वळवले की डाव्या गिअरचे कव्हरही किंचित ताणते. तेही शनिवारी बदलून घेईन.